बेळगाव, बेलगाम की बेळगावी : संदर्भ लिहिताना

तर मंडळी, लगेच विषयावर येतो. खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणीकडून पोरं आलीत, बरेच जण पीएचडीला आहेत आणि सगळ्यांची तक्रार एकच, पेपर पाठवला की परत येतो, म्हणे रेफरन्सेस फॉरमॅटप्रमाणे नाहीत. मी जर्नलसाठी आलेली हस्तलिखितं तपासतो, त्यामुळं परत पाठवणाऱ्यांतला मीही एक. म्हणून परत का जातात ते सांगतो.

संदर्भ म्हणजे काय, आपल्या भाषेत सांगायचं तर शेताचा उतारा. चिंचेच्या झाडाजवळची जमीन म्हणून कचेरीत चालत नाही, सर्व्हे नंबर लागतो, हिस्सा नंबर लागतो. तसंच कोणी लिहिलं, कुठल्या साली, कुठलं पान, एवढं दिलं की अथणीतला असू दे नाहीतर अमेरिकेतला, माणूस थेट त्या पानावर पोचला पाहिजे. स्वल्पविराम, पूर्णविराम सगळे त्याच्यासाठी आहेत.

वडगाव-शहापूरच्या विणकरांवर लिहिणारी एक विद्यार्थिनी माझ्याकडं आली होती. काम फार चांगलं, घरोघरी जाऊन मागावर बसलेल्या म्हाताऱ्यांशी बोललेली. संदर्भात तिनं लिहिलं होतं, गॅझेटिअर ऑफ बेळगावी, कर्नाटक सरकार, १८८४. मी म्हटलं अगं, १८८४ ला कर्नाटक राज्य कुठं होतं? तेव्हा आपण मुंबई इलाख्यात, म्हैसूर राज्यात गेलो १९५६ ला, त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं १९७३ ला आणि शहराचं नाव सरकारी कागदावर बेळगावी झालं १ नोव्हेंबर २०१४ ला. तिच्याकडं होता तो मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा २१ वा खंड, त्याच्यावर इंग्रजीत छापलंय बेलगाम. आता गंमत नाही हं यात, कर्नाटक सरकारनं नंतर काढलेलं वेगळं जिल्हा गॅझेटिअर आहे, म्हणजे वाचणारा नेमकं चुकीचं पुस्तक काढून बसणार, पान काही सापडणार नाही आणि तो म्हणणार या पोरीनं मनानं लिहिलंय. एवढं हिंडून केलेलं काम एका ओळीपायी संशयात.

मला माहितेय, आपल्याकडं गावाचं नाव हा जिव्हाळ्याचा विषय आहे, मलाही आहे. पण संदर्भसूची ही ती जागा नव्हे. शीर्षकपानावर बेळगाव छापलंय तर बेळगाव, बेलगाम तर बेलगाम, बेळगावी तर बेळगावी. तुमच्या लेखात तुम्ही कुठलं नाव वापरता ते तुम्ही ठरवा, एकदा तळटीपेत सांगा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. एपीए म्हणून संदर्भ लिहायची एक पद्धत आहे, तिच्या २०१९ ला आलेल्या सातव्या आवृत्तीत तर प्रकाशनाचं गाव लिहायचंच नाही, नुसता प्रकाशक. पण पुस्तकाच्या नावात गाव आलं तर ते काढता येत नाही, जसं छापलंय तसं.

नावांचा घोळ याहून मोठा. आपल्याकडं स्वतःचं नाव, वडलांचं, मग आडनाव. उत्तर कर्नाटकात कन्नड माणसांचंही बऱ्याचदा तसंच, विनायक कृष्ण गोकाक, म्हणून गोकाक, वि. कृ. पण कन्नड कवी कुवेंपु बघा, कुप्पळी वेंकटप्पा पुट्टप्पा, यात कुप्पळी गाव, वेंकटप्पा वडील आणि पुट्टप्पा हे स्वतःचं नाव, आडनाव नाहीच. आता समजा लेखकाचं नाव बसवराज एम. असं छापलंय, तर संदर्भसूची करणारं सॉफ्टवेअर शेवटचा तुकडा आडनाव धरतं आणि सूचीत येतं एम., बी. हा कोण माणूस? कोणालाच सापडणार नाही. झोटेरो हे असंच एक सॉफ्टवेअर, त्यात नावाच्या रकान्याशेजारी बटण असतं, ते दाबलं की दोन रकान्यांचा एकच होतो, तिथं नाव जसंच्या तसं टाका. फुकट आहे झोटेरो, २००६ पासून आहे, आजच घरी जाऊन उतरवून घ्या.

फॉन्टचं पण सांगतो. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत टाईप करून आणता, कन्नड संदर्भ जुन्या नुडीत, आणि जर्नलच्या साईटवर चढवलं की सगळं गिचमिड. ते युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणारं टायपिंग, नाही म्हणून तसं होतं. पहिल्यापासून युनिकोडमध्येच टाईप करा. इंग्रजी जर्नल असेल तर मराठी-कन्नड पुस्तकाचं नाव रोमन लिपीत आणि त्यापुढं चौकटी कंसात इंग्रजी अर्थ, एपीएत तरी असंच मागतात. मराठी जर्नल असेल तर आधी मराठी, मग कन्नड, मग इंग्रजी अशा वेगळ्या याद्या करा, कारण सॉफ्टवेअरनं एकत्र लावली तर लिपीप्रमाणं कशीही लागते.

जुन्या पुस्तकावर नुसतं शके असतं. शके १८४६ असेल तर ७८ मिळवून १९२४, पण शक वर्ष चैत्रात सुरू होतं त्यामुळं पौष-माघापासून पुढं १९२५ लागतं. महिना माहीत नसेल तर शके जसं आहे तसं लिहून कंसात १९२४-२५ लिहा.

तत्रैव बद्दल मात्र जरा वेळ घेतो कारण ते माझ्यावर बेतलंय. माझ्या प्रबंधात तळटिपांत तत्रैव, तत्रैव, तत्रैव अशी रांग होती, आमच्या वेळी तीच पद्धत. शेवटच्या रात्री मार्गदर्शक म्हणाले हा परिच्छेद वर घे. मी घेतला. तळटिपेचा आकडा आपोआप बदलला, पण तत्रैव म्हणजे लगेच वरचा संदर्भ, आणि वरचा संदर्भ आता भलताच झाला होता. एका कागदपत्राचं वाक्य दुसऱ्याच पुस्तकाच्या नावावर गेलं आणि तसंच छापलं गेलं. पुढं एकानं माझ्या प्रबंधावरून तो संदर्भ मूळ न बघता उचलला. आजही ते वाक्य चुकीच्या माणसाच्या नावावर फिरतंय आणि ते मला अजून खुपतं. म्हणून सांगतो, लिहिताना तत्रैव टाकूच नका, दर वेळी लेखक, साल, पान. जर्नलला पाहिजेच असेल तर सगळं पक्कं झाल्यावर शेवटी करा. आणि मूळ बघितलं नसेल तर सरळ लिहा, अमक्याच्या लेखात उद्धृत. त्यात कमीपणा नाही.

डीओआय, म्हणजे ऑनलाईन लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, असेल तर तो द्या, '१०' या आकड्यानं सुरू होतो. वेबसाईट बदलली तरी डीओआय तोच राहतो. आणि दिलेला प्रत्येक डीओआय एकदा स्वतः दाबून बघा. हल्ली पोरं चॅटबॉटला विचारून संदर्भ आणतात, लेखक खरा, जर्नल खरं आणि लेख मात्र अस्तित्वातच नाही. माझ्यापुढं असा एक संदर्भ आला तर मी बाकीचेही सगळे एकेक करून तपासतो.

वाङ्मयचौर्य तपासताना साम्याची टक्केवारी वाढेल म्हणून काही जण संदर्भच कमी करतात. असं करू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात साम्य मोजताना संदर्भसूची वगळायची असंच लिहिलंय.

एपीए, शिकागो, व्हँकूवर यांत वाद घालत बसू नका. जर्नल सांगेल ते. त्या जर्नलचा छापलेला एक लेख शेजारी ठेवा आणि ओळीला ओळ जुळवून बघा.

मागं बसलेल्या ताईंची चिठ्ठी आलीय, कन्नड वाचता येत नाही, मैत्रिणीनं वाचून अर्थ सांगितला, तर संदर्भ कसा द्यायचा. ताई, संदर्भ मूळ कन्नड पुस्तकाचाच, पानासकट, आणि तळटीपेत लिहायचं की मराठी अनुवाद अमकीनं करून दिला, तिला विचारून तिचं पूर्ण नाव घालायचं. पुस्तक पिशवीत आहे म्हणालात ना? आणा की इकडं, शीर्षकपान काढा, आपण दोघं मिळून पहिली नोंद इथंच करू.