आईने मागितलेली गीता

बडोद्यात राहत असताना रुक्मिणीबाई भावे गीतेच्या प्रवचनाला जायच्या. संस्कृत कळत नसे. म्हणून त्यांनी मुलाकडे मराठी गीता मागितली. विन्याने, म्हणजे पुढच्या विनोबा भाव्यांनी, ती आणून दिली, पण तीही आईला जड गेली. मग तूच का करत नाहीस, असं आईने विचारलं.

१९१८ मध्ये आई गेली. तिचं मागणं मात्र विनोबांच्या मनात राहिलं. ७ ऑक्टोबर १९३० ला त्यांनी लिहायला घेतलं आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला सातशे श्लोक मराठीत उतरले. श्लोकाला श्लोक, आणि तरीही तोंडात सहज बसणारे. नाव ठेवलं 'गीताई'. त्या नावातच आई आहे.

पुढच्याच वर्षी विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. राजबंद्यांनी गीता समजावून सांगायचा आग्रह धरला. २१ फेब्रुवारी १९३२, रविवार. त्या दिवसापासून १९ जूनपर्यंत एकही रविवार चुकला नाही. अठरा अध्याय, अठरा रविवार.

पहिल्याच प्रवचनात त्यांनी एका न्यायाधीशाची गोष्ट सांगितली. कित्येकांना फाशी सुनावणारा हा माणूस. एके दिवशी खुनाच्या आरोपाखाली त्याच्यासमोर उभा राहतो त्याचाच मुलगा, आणि फाशीची शिक्षा किती अमानुष, हे त्याला तेव्हा सुचतं. अर्जुनाचा मोह तो हाच. तुरुंगाच्या भिंतींआड बसून हे ऐकणाऱ्यांना वेगळं काय समजवायला हवं होतं?

विनोबा बोलत होते आणि साने गुरुजी झरझर टिपून घेत होते. आज आपल्या हाती 'गीता प्रवचने' आहे, ती गुरुजींच्या त्या लेखणीमुळे. याच गुरुजींनी वर्षभराने नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. दोघांच्याही लेखणीमागे आईच उभी होती, असं मला फार वाटतं.

१८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबांना भूमिहीनांसाठी जमिनीचं पहिलं दान, म्हणजे पहिलं भूदान, मिळालं. पुढे विनोबा वर्षानुवर्षं पायी फिरले, आणि त्यांच्याबरोबर 'गीता प्रवचने'ही गावोगाव, एकेका भारतीय भाषेत पोचत गेलं. १५ नोव्हेंबर १९८२ ला, अन्नपाणी आणि औषध सोडून, पवनारला धाम नदीकाठी त्यांनी देह ठेवला.

तिथून जवळच, वर्ध्यात, गीताई मंदिर आहे. ना मूर्ती, ना छप्पर. उघड्या आभाळाखाली उभ्या शिळा आणि त्यांवर कोरलेली 'गीताई'. वाचता येणाऱ्या कुणीही यावं, अक्षरांवर बोट ठेवावं आणि वाचत पुढच्या शिळेकडे जावं.