हार्ड डिस्क कुरकुरायला लागली की

नमस्कार श्रोतेहो. सेवा केंद्रात, शाळेत, कृषी केंद्राच्या काउंटरवर दहा-बारा वर्षांचे कॉम्प्युटर अजून रोज चालतात. सातबारा काढायला, बिल छापायला ते पुरतातही. मग एक दिवस चालू करताच काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात, ‘स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस’, म्हणजे हार्ड डिस्क बिघडतेय, डेटाची कॉपी घ्या आणि ती बदला. नाहीतर साधी फाइल उघडायला पाच-पाच मिनिटं लागतात.

अशा वेळी लगेच चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासायची कमांड, लावू नका. चेकडिस्कला ‘आर’ जोडला की ती डिस्कचा प्रत्येक सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचा प्रत्येक छोटा कप्पा, वाचत सुटते. डिस्क आधीच थकलेली असेल तर त्यातच तिचा जीव जातो, आणि तुमचा डेटाही. आधी कॉपी, मग दुरुस्ती.

डिस्कला कान लावा. ठराविक अंतराने टक-टक येत असेल तर आतलं हेड, म्हणजे डेटा वाचणारं-लिहिणारं टोक, बिघडलंय. तिथे कोणतंच सॉफ्टवेअर कामाचं नाही, बंद करा. डेटा मोलाचा असेल तर रिकव्हरीवाल्याकडे न्या. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. बाहेर काढताच आत दव धरतं.

आवाज ठीक असेल तर पहिल्यांदा हिशेबाचा डेटा आणि स्कॅन केलेली कागदपत्रं घ्या, सिनेमे शेवटी. विंडोज अडकतच असेल तर डिस्क काढून साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा.

कॉपी झाली की क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडा. त्यातल्या चार ओळी बघायच्या, लिहून घ्या. शून्य-पाच म्हणजे बाद करून बदललेले सेक्टर. सी-पाच म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाची वाट पाहणारे. सी-सहा म्हणजे तपासणीतही न वाचलेले. आणि सी-सात म्हणजे डिस्क ते मदरबोर्ड या वाटेवर बिघडलेला डेटा. रॉ व्हॅल्यूचे, म्हणजे मूळ मोजणीचे, आकडे तिथे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत, दिसतात, सेटिंगमधून ते दहाच्या पद्धतीत करून घ्या. सीगेटच्या डिस्कवर ‘रीड एरर रेट’समोर करोडोंचा आकडा दिसला तर घाबरायचं कारण नाही, त्यांची मोजायची रीतच तशी आहे.

शून्य-पाच आठवड्या-आठवड्याने वाढत असेल तर डिस्क बदला, त्यात घासाघीस नको. फक्त सी-सात वाढत असेल तर डिस्क बहुधा चांगली आहे, दोष केबलचा. डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल बदला. साटाच्या आधीच्या आयडीई जोडणीच्या जुन्या मशीनमध्ये ८० तारांची पट्टी हवी, लांबी १८ इंचांच्या आत. निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टर डिस्कला. केबल बदलली तरी सी-सातचा जुना आकडा खाली येत नाही. तो पुढे सरकत नाही ना, एवढंच पाहायचं.

सी-पाचचं खापर आपल्याकडे अनेकदा लाइनवर फोडावं लागतं. लिहिता-लिहिता लाइन गेली की सेक्टर अर्धवट राहतो. त्याच जागी पुन्हा लिहिलं की तो एकतर सुधारतो, नाहीतर शून्य-पाचमध्ये जमा होतो. यूपीएसची बॅटरी पाच मिनिटं तरी टिकते का, हे तपासा. मग एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा आतला डबा. मशीन चालू ठेवून रिकाम्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. काळ्या तारेच्या तुलनेत लाल ४.७५ ते ५.२५ व्होल्टमध्ये, पिवळी ११.४ ते १२.६ मध्ये असावी.

उष्णतेचंही तसंच. मे महिन्यात अकोला-चंद्रपुराकडे पारा ४५ च्या वर जातो, त्यात टिनाच्या छताची खोली. बहुतेक डिस्कची मर्यादा ६० अंश असते, पण ५० च्या वर दिसलं तरी पंखा साफ करा. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या दुकानांत पंख्यावर रुईचा थरच बसतो.

एक शेवटचं. घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षावर गेलं असेल आणि विंडोज निळ्या पडद्यावर सेव्हन-बी हा एरर कोड दाखवून थांबत असेल, तर डिस्कला दोष देण्याआधी मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल पाहा. तो संपला की बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचं, सेटिंग मूळपदावर जातं आणि साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआयवरून आयडीईवर येऊ शकतो. सेल बदला, मोड पुन्हा एएचसीआय करा, सेव्ह करा. विंडोज मुकाट्याने सुरू होतं.