पाणी कुठपर्यंत आलं?

[दृश्य : हरिहर, कातळातल्या पायऱ्या]

या पायऱ्या तुम्ही मोबाइलवर नक्की पाहिल्या असतील. नाशिक जिल्ह्यातला, त्र्यंबकेश्वरजवळचा हरिहर गड. जवळजवळ उभा कातळ, त्यात कोरलेल्या पायऱ्या आणि हात रोवायला खोबण्या. वाट एका वेळी एकाच माणसापुरती. पावसाळ्यातल्या रविवारी चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की काय होतं, ते वेगळं सांगायला नको. पायथ्याच्या निरगुडपाड्यातून उजाडता उजाडता निघा, गड निवांत मिळेल.

१८१८ मध्ये इंग्रजांनी नाशिककडचे किल्ले घेतले आणि पुन्हा कुणी वर ठाण मांडू नये म्हणून अनेक गडांच्या वाटा सुरुंगांनी उडवल्या. हरिहरच्या पायऱ्या वाचल्या. आजची ही गर्दी त्या वाचण्यामुळेच.

पायऱ्यांवर फोटो झाला की बऱ्याच जणांचा गड बघून होतो. खरं बघण्यासारखं माथ्यावर आहे. तळं, मारुती, दगडी कोठार ओलांडून वरच्या टेकाडावर या. पूर्वेला ब्रह्मगिरी, गोदावरीच्या उगमाचा डोंगर. दक्षिणेला अप्पर वैतरणेचा जलाशय.

[दृश्य : माथ्यावरून जलाशय, ढग]

वैतरणा आणि गोदावरी, दोघी याच त्र्यंबकच्या डोंगरातल्या. वैतरणा पश्चिमेला उतरते, अरबी समुद्राची वाट धरते. गोदावरी मात्र हाकेच्या अंतरावरच्या समुद्राकडे पाठ करते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणेचं पाणी मुंबईच्या नळाला जातं. तेव्हा रात्रीची कसारा लोकल पकडून इथं येणारा मुंबईकर खरं तर आपल्या घराची टाकीच बघायला येत असतो!

[दृश्य : पहिने, धबधबे, भातखाचरं]

जुलैत पहिने आणि इगतपुरीकडे रस्ताभर गाड्या. धबधब्याखाली हवं तितकं भिजा. फक्त गाडी कुठं लावताय ते बघा, आणि रिलसाठी खाचरात उतरू नका. याच दिवसांत इथं भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू असते. तुमच्या पायाखाली ढासळलेला बांध शेतकऱ्याला भर पावसात पुन्हा घालावा लागतो.

[दृश्य : गंगापूर धरण, बोटी]

ब्रह्मगिरीचा पाऊस गोदावरीतून येऊन गंगापूरला थांबतो. १९६५ मध्ये पूर्ण झालेलं हे मातीचं धरण म्हणजे नाशिकचं पिण्याचं पाणी. काठावर बोट क्लब, आसपास द्राक्षबागा. पाहुण्यांना इथं आणायची पद्धतच आहे.

नाशिककरांचा स्वतःचा विरंगुळा मात्र निराळा. धरणातून विसर्ग वाढला की अख्खं शहर रामकुंडाकडे निघतं. 'पाणी कुठपर्यंत आलं?' या प्रश्नाचं उत्तर इथं क्युसेकमध्ये कुणी देत नाही. नदीपात्रातल्या उंच दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला, छातीला की गळ्याला, ते सांगतात.

[दृश्य : नांदूर मध्यमेश्वर, हिवाळ्यातली सकाळ]

पुराबरोबर डोंगरातली मातीही वाहते. ती निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यात बसते. नांदूर मध्यमेश्वरचा हा बंधारा शंभर वर्षांहून जुना. बांधला सिंचनासाठी, पण गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या. बंधाऱ्याच्या हिशेबात गाळ म्हणजे तोटा. पक्ष्यांना तो मानवला! २०२० मध्ये ही महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा ठरली.

हरिहरला जितकी माणसं रांगेत उभी राहतात, त्याच्या पासंगालाही इथं येत नाहीत. खरं तर हे ठिकाण चढ न झेपणाऱ्यांसाठी, आजी-आजोबांसाठी, शाळकरी पोरांसाठी. डिसेंबर-जानेवारीत या. निफाडची थंडी बोचरी, तेव्हा कानटोपी हवीच. चापडगावच्या पक्षी-निरीक्षण मनोऱ्यावर स्थानिक गाइडला सोबत घ्या. पाण्यावरचे वारकरी (कूट), चक्रवाक, चमचे (स्पूनबिल) असे पक्षी तो भराभर दाखवेल. फ्लेमिंगो दिसतीलच याची खात्री मात्र तोही देणार नाही.