कांद्याच्या मुळाशी

(दृश्य : लासलगाव बाजार समिती, ट्रॅक्टरच्या रांगा)

लासलगाव, सकाळचे आठ. लिलाव पुकारायला अजून वेळ आहे. या ट्रॉल्यांमधले चार कांदे वजनकाट्यावर चढणार नाहीत. ते निघालेत अकरावीच्या प्रयोगशाळेत, एका पेशीच्या दोन कशा होतात ते दाखवायला.

(दृश्य : बाटल्यांच्या तोंडावर कांदे, पाण्यात पांढरी मुळं)

जुनी वाळलेली मुळं ब्लेडनं खरवडायची आणि बूड पाण्याला जेमतेम टेकेल असा कांदा बसवायचा. दोन-तीन दिवसांत ही नवी मुळं फुटतात. आपल्याला हवं ते फक्त टोक, दोन-तीन मिलिमीटरचं, कारण पेशी विभागतात त्या इथे. सकाळीच तोडायचं, तेव्हा विभाजन चाललेल्या पेशी जास्त सापडतात. एक भाग अ‍ॅसेटिक आम्ल, तीन भाग अल्कोहोल. टोक त्यात पडलं की पेशी असतील त्या अवस्थेत थिजतात.

(दृश्य : स्पिरिटचा दिवा, काचपट्टी, अंगठा)

दुसऱ्या दिवशी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात जरा गरम करायचं. पेशींना जोडणारा थर सैल होतो. मग अ‍ॅसिटोकार्मिन या लाल रंगाचा थेंब, वर कव्हरस्लिप, टिपकागद आणि अंगठा. खरी परीक्षा इथे आहे. दाब कमी पडला तर थरावर थर राहतात, बोट सरकलं तर सगळा चोथा. या मुलीच्या दोन स्लाइड वाया गेल्यात. तयार स्लाइड कपाटात डबाभर आहेत. मॅडमनी त्या काढल्या नाहीत, आणि आम्हाला ते फार मोलाचं वाटलं.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकातून)

ही लालसर गुंतवळ म्हणजे पूर्वावस्था, विभाजनाची सुरुवात. १८८२ साली वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञानं सॅलॅमँडरच्या पेशींमधल्या अशाच धाग्यांचं सविस्तर वर्णन केलं आणि धाग्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून ‘मायटॉसिस’ हे नाव दिलं. आपल्या ‘सूत्री विभाजना’तही तो धागा आहेच.

आता इकडे. गुणसूत्रं, म्हणजे जनुकं वाहून नेणारे तेच धागे, मधोमध रांगेला लागलीत. प्रत्येकाच्या दोन प्रती, पेशीच्या दोन टोकांकडून येणाऱ्या, ओढून नेणाऱ्या तुर्कतंतूंना बांधलेल्या. एक जरी गुणसूत्र बांधायचं राहिलं, तरी पेशी पुढचं पाऊल टाकत नाही, वाट पाहते. सगळी बांधली गेली की प्रती सुटतात आणि पुस्तकात लिहिलंय तशा, केळीच्या घडासारख्या, दोन्हीकडे ओढल्या जातात. मध्ये पेशीपटल उभं राहतं. एका पेशीच्या दोन झाल्या.

आपल्या पेशीत अशी ४६ गुणसूत्रं. विभाजनाला लगाम घालणारी जनुकं तंबाखूनं, किरणोत्सारानं किंवा नकलेतल्या चुकांनी एकामागून एक बिघडत गेली, तर पेशी थांबेनाशी होते. तो कर्करोग.

(दृश्य : आवारातली सदाफुली)

दारची सदाफुली. हिच्यातून मिळणारं विनक्रिस्टीन तुर्कतंतू जुळूच देत नाही. पेशी मध्येच अडकते आणि मरते. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते कित्येक दशकं वापरात आहे. ते शुद्ध करून, मोजून, शिरेतूनच देतात. पानं चावून खाऊ नका, ती विषारी आहेत.

(दृश्य : पुन्हा प्रयोगशाळा, तीच मुलगी)

तिसरी स्लाइड साधली. कांद्याची गुणसूत्रं सोळा, हे तिला पाठ आहे. तरी ती मोजतेय. पंधरापर्यंत आली, थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.