तीन चाकांची वाट

[दृश्य: फाट्यावरचे निंबाचे झाड, फांदीला टांगलेले जुने टायर.]

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात, डांबरी रस्ता सोडून गावाकडे वळताना, निंबाच्या सावलीत पंक्चरचे एक दुकान लागते. दुकान म्हणजे अवजारांची पेटी, हवेचा पंप आणि पाण्याने भरलेले घमेले. सकाळी शाळेच्या मुलींच्या सायकली येतात, मग दूधवाल्यांच्या येतात आणि आठवड्यातून एखाद्या वेळी हाताने चालवायची तीनचाकी येते. ती आली की मिस्त्री बाकीची कामे बाजूला सारतो, कारण तिच्यावरचा माणूस उतरून बाकड्यावर बसू शकत नाही. दुरुस्ती होईपर्यंत तो सायकलीवरच बसून असतो आणि चाक काढायचे झाल्यास त्याच्यासकट एक बाजू उचलून विटांवर टेकवावी लागते.

[दृश्य: घमेल्यातील पाण्यात फिरणारी ट्यूब, वर येणारे बुडबुडे, पकडीत धरलेला बाभळीचा काटा.]

परदेशात ज्या तीनचाकीला रिकम्बंट म्हणतात, ती या हातसायकलीची दूरची बहीण म्हणता येईल. तिच्यात माणूस पाठ टेकून, पाय समोर पसरून बसतो आणि पुढे असलेले पायडल मारतो. पुष्कळ नमुन्यांत दोन चाके पुढे व एक मागे असते आणि हँडल सीटच्या दोन्ही बाजूंना हाताशी येते. पायडल एका टोकाला आणि फिरणारे चाक दुसऱ्या टोकाला असल्यामुळे साध्या सायकलीच्या अडीच ते तीन चेन जोडाव्यात, एवढी लांब चेन तिला लागते. अशा सायकलीची कीर्ती वेगामुळे झाली. जुलै १९३३ मध्ये फ्रेंच सायकलपटू फ्रान्सिस फोर याने पॅरिसमध्ये शार्ल मोशे यांनी बनवलेल्या दुचाकी रिकम्बंटवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले आणि १९१४ पासून टिकून असलेला विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ही बैठकच शर्यतींतून बाद केली.

आमच्या पांदणीवर मात्र या कीर्तीचा फारसा उपयोग नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाला जो अडथळा असतो त्याच्या नवव्या हिश्श्याइतकाच ताशी १२ किलोमीटरला उरतो; आणि कॅरिअरवर कडब्याची पेंडी बांधलेला माणूस याहून वेगाने जात नाही. खेड्यात या बैठकीची किंमत वेगळ्या कारणासाठी करावी लागेल. ज्याचे गुडघे वाकत नाहीत, ज्याची कंबर धरते, ज्याला अर्धांगवायूनंतर तोल सांभाळता येत नाही, त्याला ती न पडता बसू देते. थांबल्यावर पाय टेकावा लागत नाही, ही एवढीशी गोष्ट अशा माणसासाठी फार मोठी असते.

[दृश्य: पांदण रस्ता. बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, मध्ये गवताचा उंचवटा.]

अडचण खरी सुरू होते ती इथे. दुचाकी कोणत्याही एका चाकोरीत शिरून निघून जाते, कारण तिचे मागचे चाक पुढच्याच्या मागोमाग धावते. तीनचाकीला तीन वाटा लागतात. बैलगाडीच्या दोन चाकांतील अंतर तिच्या चाकांतील अंतरापेक्षा बरेच जास्त असल्यामुळे तिचे एक चाक चाकोरीत उतरले, तर दुसरे उंचवट्यावर चढते आणि सारा माणूस एका कुशीवर कलतो. काट्यांचेही तेच आहे. एकीऐवजी तीन रेषा झाडत गेल्यावर बाभळीचा काटा चुकण्याचा संभव तेवढाच कमी होतो. पावसाळ्यात काळी माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये दाटते आणि चाक जागीच अडते. त्यातच अनेक हातसायकलींत चेन मागच्या एकाच चाकाला फिरवते. ते चाक चिखलात घसरू लागले की दुसऱ्याचा काही आधार होत नाही.

जमिनीलगत बसणाऱ्या रिकम्बंटवर याहून निराळी संकटे येतील. कापसाने भरलेल्या ट्रकच्या चालकाला ती दिसावी म्हणून मागे उंच काठीवर झेंडा लावावा लागेल, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेल्यावर, आभाळाकडे तोंड करून बसलेल्या माणसाच्या डोक्यावर छत धरावेच लागेल. आमच्या हातसायकलवाल्यांनी दांड्याला छत्री बांधून हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. सुट्या भागांचेही आधीच पाहून ठेवलेले बरे. वीस इंची म्हणून ओळखली जाणारी चाके एकाच मापाची नसतात. रिमवर टायर बसतो तेथील व्यास काहींत ४०६ मिलिमीटर, तर काहींत ४५१ मिलिमीटर असतो, आणि लहान मुलांच्या सायकलीचा टायर बसेलच असे गृहीत धरता येत नाही.

याउलट गावातील काळ्या सायकलीचे बहुतेक सारे सामान तालुक्याच्या बाजारात मिळते. अठ्ठावीस इंची चाके, दांड्यांचे ब्रेक, पुढे ४४ आणि मागे १८ दातांची चकती; पायडलच्या एका फेऱ्यात ती जवळजवळ साडेपाच मीटर धावते. तरीही पांदणीवर उभे राहून पाहिले, तर जवळजवळ निम्म्या सायकली हाताने ढकलत नेलेल्या दिसतात. दोन्ही बाजूंना कॅन किंवा दांडीवर पोते असताना ती वाहन न राहता हातगाडी होते, आणि माझ्या मते हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे: बसता आले नाही, तरी ती कामाची राहते. तीनचाकीवरच्या माणसाला ही सोय नाही.

[दृश्य: संध्याकाळ. सिमेंटचा रस्ता संपतो तेथे थांबलेली हातसायकल.]

मिस्त्रीने चेन ताणून दिली आहे आणि तिन्ही चाकांत हवा भरली आहे. सिमेंटच्या रस्त्यावर गाडी मोकळी धावते. तो संपतो तेथे तिच्यावरचा माणूस थांबतो, कपाळावरचा घाम दुपट्ट्याने पुसतो आणि शेताकडे पाहून हाक मारतो. थोड्या वेळाने पुतण्या येतो, "चाला काका" म्हणतो आणि पुढची वाट मागून ढकलू लागतो.