पत्र्याच्या पेटीतला रिपोर्ट

(शहाद्यात पालक, शिक्षक आणि आशाताईंसमोर एका निवृत्त सिस्टरांनी सिकलसेल या रक्ताच्या आजारावर केलेलं भाषण, थोडंफार नीट करून लिहिलेलं)

नमस्कार. माईक जरा खाली घ्या भाऊ, हां, झालं. मागे आवाज येतोय ना? पंखे चालू राहू द्या, लाईट आहे तोवर घ्या हवा खाऊन, जून लागला तरी आपल्याकडे पावसाचा पत्ता नाही, आणि आज ज्या पोरांबद्दल बोलायचंय त्यांना हे ऊन सगळ्यात आधी लागतं.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. 31 वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केली, त्यातली जास्त वर्षं धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर आणि शेवटची काही इकडे सपाटीला. सिकलसेल हा शब्द मी नोकरीत असताना हजार वेळा बोलले असेन, पण घरच्यांना तो समजला का हे विचारायचं मला फार उशिरा सुचलं.

मोलगीकडच्या एका घरी गेले होते, दुसऱ्याच कामाला, लसीकरणाला. ओट्यावर आठ-नऊ वर्षांचा पोरगा गुडघे छातीशी घेऊन पडलेला, डोळे पिवळट. मी विचारलं कधी रक्त तपासलंय का, तर बाप आत गेला आणि पत्र्याची पेटी घेऊन आला. त्यात रेशनकार्ड, जमिनीचे कागद, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत त्या पोराचा रिपोर्ट. लॅमिनेशन केलेला! म्हणजे खराब होऊ नये म्हणून त्या माणसाने तालुक्याला जाऊन पैसे खर्च करून तो जपून ठेवला होता, सहा वर्षं. त्यावर एसएस लिहिलेलं. मी म्हटलं दादा हे काय आहे माहितीये का, तर तो म्हणाला, साहेबांची सही असंल.

मी हसले नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच, कारण रिपोर्ट आमच्यातल्याच कोणीतरी दिला होता, आणि देताना फक्त "सांभाळून ठेवा" एवढं सांगितलं असणार. त्याने सांभाळला की!

आणि दुसऱ्यांचं कशाला सांगू, माझंच सांगते. एका आईला मी घाईत बोलून गेले, तुझी पोरगी पॉझिटिव्ह आलीये. झालं. त्या पोरीचा रिपोर्ट होता एएस, म्हणजे ती वाहक, तिला आजार नाही, ती शेतात काम करेल, पळेल, शिकेल, काही फरक पडणार नाही. फक्त लग्नाच्या वेळी समोरच्या मुलाचं रक्त तपासायचं, बस. पण "पॉझिटिव्ह" हा शब्द घरात गेला आणि घरच्यांनी तिला आश्रमशाळेतून काढून आणलं, आजारी पोरीला बाहेर कशाला ठेवायचं म्हणून. मला कळलं तेव्हा तिची दोन वर्षं गेली होती. म्हणून आता मी कुठेही गेले की आधी तीन अक्षरी धडा शिकवते: एए म्हणजे काही नाही, एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे आजार. आशाताई, तुम्ही पॉझिटिव्ह-निगेटिव्ह हे शब्दच वापरू नका, हात जोडून सांगते.

आता हा आजार आहे काय. सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल असतात, मऊ, बारीक नळीतूनसुद्धा वाकून निघून जातात. एसएस असलेल्या पोराच्या पेशी विळ्यासारख्या होतात, कडक आणि चिकट. तुमच्याकडे केळीला, पपईला ठिबक आहे ना? नळीत गाळ बसला की काय होतं, पाणी पुढे जात नाही आणि पुढची झाडं मान टाकतात. मोटर चालू, विहिरीत पाणी, तरी झाड सुकतंय. तसंच आहे हे. विळ्याच्या पेशी बारीक नसेत अडकल्या की पुढच्या हाडाला, पोटाला, छातीला रक्त मिळत नाही आणि ती जागा ओरडते, त्या ओरडण्यालाच आपण दुखणं म्हणतो. चांगली लाल पेशी साधारण 120 दिवस जगते, ही विळ्याची पेशी दहा-वीस दिवसांत फुटते, म्हणून पोरगं फिकट दिसतं, डोळे पिवळे होतात. आणि लोक लगेच कावीळ समजून झाडपाल्याला नेतात.

हे येतं कुठून? इथे जरा लक्ष द्या, विशेष करून बाप मंडळी. रक्ताच्या या गुणाच्या प्रत्येकाकडे दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. आई वाहक, बाप वाहक, म्हणजे दोघांकडे एक चांगली आणि एक विळ्याची चिठ्ठी. पोराला दोघांकडून विळ्याचीच चिठ्ठी गेली तर तो एसएस. चारातली एक शक्यता. पण लोक याचा अर्थ लावतात की एक पोरगा आजारी झाला म्हणजे आता पुढचे तीन सुटले. नाही हो! प्रत्येक गरोदरपणात चिठ्ठ्या नव्याने उचलल्या जातात, मागच्या वेळी काय निघालं ते चिठ्ठीला माहीत नसतं. मी सलग दोन पोरं एसएस असलेली घरं पाहिलीयेत.

आणि घरात बोल कोणाला लागतो? बाईला. "हाई तुना माहेरनं शे." सासू म्हणते, नवरा गप्प बसतो. मी म्हणते भाऊ, तुम्हीपण तपासा, तर म्हणतात मला काय झालंय, मी तर पन्नास किलोचं पोतं उचलतो. अरे, वाहक माणूस पोतं उचलतोच! एसएस पोरगं एकट्या बाईच्या चिठ्ठीने होतच नाही, दोन्ही घरून आल्याशिवाय हा आजार जमतच नाही. ज्या दिवशी नवऱ्याचा एएस रिपोर्ट घरात येतो ना, त्या दिवशी त्या बाईचा चेहरा बघण्यासारखा असतो.

बरं, शाप वगैरेही नाही. जिथे शेकडो वर्षं मलेरिया होता तिथे ही विळ्याची एक चिठ्ठी असलेली माणसं मलेरियातून जास्त वाचली, म्हणून ती चिठ्ठी टिकली. आफ्रिकेत तसंच, सातपुड्यात तसंच. अमेरिकेत शिकागोच्या हेरिक नावाच्या डॉक्टरांनी 1910 साली या पेशींबद्दल पहिल्यांदा लिहिलं, भारतात 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये सापडलं. म्हणजे भगताकडे जाऊन कोंबडं कापण्याआधीसुद्धा हा आजार होताच, कोणी करणी केलेली नाही. भगताशी मी भांडत नाही, एवढंच सांगते की पोट वाढलंय म्हणून लोखंड तापवून डाग देऊ नका. ते पोट कशाने वाढतं ते पुढे सांगते.

आता दुखण्याचं. सकाळी पोरगा अंगणात गोट्या खेळतो आणि दुपारी गुरं सोडायची वेळ आली की म्हणतो पाय दुखतोय. बाप म्हणतो, "पोऱ्या नाटक करस." सूज नाही, जखम नाही, ताप नाही, मग विश्वास कसा बसणार. पण या आजारात दुखणं असंच येतं, न सांगता. ते मोजायचं मशीन दवाखान्यातपण नाही, पोरगा सांगतो तेच माप. एक-दोनदा तो खरंच नाटक करेल, करू दे की, धडधाकट पोरं करत नाहीत का? पण जो पोरगा दहा वेळा खरं सांगून दहा वेळा मार खातो तो अकराव्यांदा सांगत नाही, आणि तो अकरावा दिवस छातीत दुखण्याचा असू शकतो. दुखायला लागलं की पाणी पाजा, अंगावर पांघरूण, गरम कपड्याने शेका, बर्फ अजिबात नको, डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी द्या, आणि कमी नाही झालं तर निघा.

शिक्षक बसलेत का? बसलेत. सर, तुमच्यासाठी खास. या पोरांना पाणी सारखं प्यावं लागतं, आणि यांची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, म्हणून सारखं जावंही लागतं. वर्गात तिसऱ्यांदा बोट वर केलं की आपण म्हणतो बस खाली. मग पोरगं काय करतं, पाणीच पीत नाही. एप्रिल महिना, पत्र्याचा वर्ग, आणि पाणी न प्यायलेलं एसएस पोरगं. संध्याकाळी दवाखान्यात. आणि वसतिगृहात हीच पोरं रात्री अंथरूण ओलं करतात, बारा वर्षांचा मुलगा, सगळ्यांसमोर गादी उन्हात टाकायला लावतात. मला एका मुलाने सांगितलं होतं की तो संध्याकाळी पाचनंतर घोटभरसुद्धा पाणी घेत नाही. त्याला आम्ही कारण समजावलं, त्याच्या खोलीतल्या पोरांना समजावलं, रात्री एकदा उठवायला सांगितलं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की हे आजारामुळे होतंय, तो स्वतःला घाणेरडा समजत होता.

काही गोष्टींत मात्र थांबायचं नाही. ताप 101 च्या वर गेला तर सकाळची एसटी बघत बसू नका, कारण या पोरांची पानथरी, म्हणजे प्लीहा, लहानपणीच निकामी होत जाते आणि साधं इन्फेक्शन अंगभर पसरतं. छातीत दुखून श्वास लागला, तोंड वाकडं झालं, एका हातातलं बळ गेलं, तरी तेच. आणि ती पानथरी, डाव्या बरगडीखाली. आईने बोटं ठेवून बघायला शिकायचं, रोज पोळीचं पीठ हाताला कळतं तसं हे पण कळतं. एकदम मोठी लागली आणि पोरगं पांढरंफटक पडलं तर रक्त तिथे साठलंय, लगेच 108. डाग द्यायला नेतात ते पोट हेच.

औषधाचं थोडक्यात. फॉलिक ॲसिडची गोळी. पाच वर्षांखालच्यांना पेनिसिलिन, न्यूमोनियाची लस. लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, शाळेत वाटतात तेव्हा सांगा. आणि हायड्रॉक्सीयुरिया, ही रोजची कॅप्सूल, हिने दुखण्याच्या पाळ्या कमी होतात, पण मधूनमधून रक्त तपासावं लागतं. लोक काय करतात, दोन महिने दुखलं नाही की बंद करतात, आता बरा झाला म्हणून. अहो, कॅप्सूल चालू आहे म्हणूनच दुखत नाहीये! आणि दिवाळी झाली की तुम्ही निघता गुजरातला ऊसतोडीला, पोरं बरोबर, पेटी घरी, रिपोर्ट पेटीत. तिकडे पोराला त्रास झाला तर तिथला डॉक्टर पहिल्यापासून सुरू करतो. रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, बापाच्यापण आणि आईच्यापण, आणि निघण्याआधी कॅप्सूल जास्तीच्या मागून घ्या. पहाटेच्या थंडीत कोपीत झोपणाऱ्या पोराच्या अंगावर एक कांबळं जास्त.

मला एक पोरगा विचारत होता, सिस्टर, मी काठी गावच्या होळीला जाऊ का, रात्रभर नाचायचंय. आई म्हणत होती नाही. मी म्हटलं जा. पाण्याची बाटली कमरेला बांध, मध्ये मध्ये बस, पहाटे गार वारा सुटला की स्वेटर, आणि दारूच्या वाटेला जाऊ नको. तो गेला, नाचला, दुसऱ्या दिवशी थोडं पाय दुखले म्हणाला, पण सांगताना चेहरा असा होता की काय सांगू. पोराला कापसात गुंडाळून ठेवलं तर तो आजाराने नाही, कंटाळ्याने मरेल. खेळू द्या, थकला की बसू द्या. फक्त थंड नदीत उड्या नको.

दिव्यांग सर्टिफिकेटबद्दल सगळे विचारतात. 1995 च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, 2016 च्या नव्या कायद्यात 21 झाले, त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आहेत. टक्केवारी डॉक्टरांचं बोर्ड ठरवतं, 40 किंवा त्याहून जास्त असेल तर बऱ्याच सवलती लागू होतात. दहावी-बारावीच्या पेपरला जादा वेळ मिळतो, शाळेने अर्ज आधी करायला हवा, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून काही होत नाही. गावात लोक बोलतात, हातपाय धड आहेत, कसला दिव्यांग. बोलू द्या. काही पोरांचा खुबा या आजाराने झिजतो आणि ती लंगडायला लागतात, तेव्हा तेच लोक म्हणतात अरेरे. लंगडं व्हायची वाट बघायची का मग?

अजून एक, पटकन. घरातली दुसरी पोरं. आजारी भावाला मोसंबी आणि बहिणीला कामं, असं चालतं. एका पोरीने मला विचारलं होतं, मलापण सिकलसेल झाला तर आई माझ्याजवळ झोपेल का. त्या पोरीलाही सगळं समजावून सांगा, भावाला पाणी द्यायचं काम तिचं एकटीचं नाही हेपण सांगा.

2023 च्या 1 जुलैला मध्यप्रदेशातल्या शहडोलमधून देशाचं सिकलसेल मिशन सुरू झालं, 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची म्हणून. चांगलंय. पण सात कोटी कागद सात कोटी पेट्यांत गेले तर काय उपयोग, म्हणून आज इथे आपण उलटं केलंय. बाहेर ओट्यावर टेबल लावलंय, बोटातून थेंबभर रक्त घेतील. ज्यांच्याकडे जुना रिपोर्ट आहे त्यांनी तो घेऊन माझ्याजवळ या, मी वाचून दाखवते, आणि तुम्ही मला उलट समजावून सांगेपर्यंत सोडणार नाही. तो मागचा मुलगा उठलाय ना, जाऊ द्या त्याला, रस्ता द्या, संडास उजव्या हाताला आहे बाळा. आणि टेबलापाशी बायकांनी घाई करू नका, बसा जरा. आधी बापांची लाईन लागू द्या. या भाऊ, तुम्हीच या, पोतं उचलणारे.