प्लेटलेटचा उतार आणि गरोदरपणातला वाढता रक्तदाब

नमस्कार. समोर प्रयोगशाळांतले तंत्रज्ञ आहेत, ग्रामीण रुग्णालयांतले वैद्यकीय अधिकारी आहेत, परिचारिका आहेत. आजचा विषय तुमच्या सगळ्यांच्या हाताखालून रोज जाणाऱ्या एका कागदाचा आहे. तो म्हणजे सीबीसीचा, रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा रिपोर्ट. गरोदर बाईचा रिपोर्ट हाती आला की आपली नजर हिमोग्लोबिनवर जाते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. त्याच कागदावर खाली प्लेटलेटच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींच्या, तीन-चार ओळी असतात. हिला पुढे प्री-एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांनाही इजा करणारा आजार, होईल का, हे त्या ओळींवरून कळतं का? माझं मत आधीच सांगते. एकट्या रिपोर्टवरून कळत नाही. त्याच बाईचे चार रिपोर्ट ओळीने मांडले तर पुष्कळ कळतं. आणि आजार सुरू झाल्यावर तो कुठल्या वळणावर आहे हे सांगणारी इतकी स्वस्त खूण दुसरी नाही.

रक्तात नेमकं घडतं काय? पहिल्या चार-पाच महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात आणि तिथल्या नागमोडी धमन्या रुंद, सैल करतात. हे काम अर्धवट राहिलं की वारेला रक्त नीट मिळत नाही. अशी वार आईच्या रक्तात एसएफएलटी-१ नावाचं प्रथिन जास्त प्रमाणात सोडते. रक्तवाहिन्यांचं अस्तर धडधाकट ठेवणारे वाढ-घटक हे प्रथिन अडकवून ठेवतं. मग अंगभर अस्तर बिघडतं. प्लेटलेटना शांत ठेवणारं प्रोस्टासायक्लिन कमी पडतं, त्यांना चेतवणारं थ्रॉम्बॉक्सेन वरचढ होतं. प्लेटलेट ठिकठिकाणी चिकटतात आणि खर्ची पडतात. एरवी आठ-दहा दिवस जगणारी प्लेटलेट लवकर संपते. अस्थिमज्जा ती भरपाई करायला नव्या, आकाराने मोठ्या प्लेटलेट घाईने बाहेर पाठवते.

म्हणून रिपोर्टवर दोन गोष्टी दिसतात. संख्या उतरते आणि सरासरी आकार, म्हणजे एमपीव्ही, वाढतो. लहान-मोठ्या आकारांची सरमिसळ झाल्यामुळे पीडीडब्ल्यू, म्हणजे आकारांतला फरक दाखवणारा आकडा, तोही वाढतो. मज्जेची भरपाई खपाला पुरी पडते तोवर संख्या जागेवर राहते आणि फक्त आकार हलतो. एमपीव्हीवर इतक्या लोकांनी आशा ठेवली ती याचमुळे. काही यंत्रं आयपीएफ, म्हणजे कोवळ्या प्लेटलेटचं प्रमाण, मोजतात. ते याहून सरळ मोजमाप आहे, पण ती सोय महागड्या यंत्रांवरच मिळते.

अडचण अशी की निरोगी गरोदरपणातही संख्या उतरते. रक्तातलं पाणी वाढतं, प्लीहेत आणि वारेत थोड्या प्लेटलेट अडकतात. अमेरिकेतल्या ओक्लाहोमातला सात हजारांवर बायकांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात गुंतागुंत नसलेल्या बायकांची सरासरी पहिल्या तिमाहीत २ लाख ५१ हजार होती आणि बाळंतपणाच्या वेळी २ लाख १७ हजार. सुमारे दहा टक्के निरोगी बायका शेवटी दीड लाखाच्या खाली होत्या. एक लाखाच्या खाली मात्र जेमतेम एक टक्का. या शेवटच्या आकड्याचा रोजच्या कामात फार उपयोग होतो. १ लाख ३० हजार पाहून घाबरायचं कारण नाही, ९० हजार पाहून ‘गरोदरपणात होतंच असं’ म्हणून कागद बाजूला ठेवायचा नाही.

आता पहिल्या तिमाहीतल्या अंदाजाबद्दल. बाराव्या आठवड्याच्या एमपीव्हीवरून पुढचा आजार सांगू पाहणारे निबंध ढिगाने आहेत. कुणाची सीमारेषा कुठे, कुणाची कुठे, आणि दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत मिसळलेले. सोपा हिशेब करून बघा. समजा हजार गरोदर बायका आहेत आणि त्यांतल्या पन्नास जणींना पुढे हा आजार होणार आहे. समजा आपली चाचणी शंभरातल्या सत्तर पकडते आणि निरोगी शंभरातल्या पंचवीस जणींना उगीच धोक्यात काढते. पन्नासातल्या पस्तीस सापडल्या, पंधरा निसटल्या. उरलेल्या साडेनऊशेंपैकी सुमारे २३८ जणींना विनाकारण भीती घातली. म्हणजे धोका सांगितलेल्या आठ जणींमागे एकीलाच आजार होणार, आणि ‘तुम्हाला काही नाही’ म्हटलेल्यांतही पंधरा जणी आहेतच. एवढ्या बळावर कुणाला दिलासा देणं मला धोक्याचं वाटतं.

त्या टप्प्यावर खरी भिस्त वेगळ्या गोष्टींवर आहे. ११ ते १४ आठवड्यांत बाईची पूर्वमाहिती, नीट मोजलेला रक्तदाब, गर्भाशयाच्या धमन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि रक्तातला पीएलजीएफ (वारेतून येणारा वाढ-घटक) एकत्र केले, तर ३७ आठवड्यांआधी बाळंत करावं लागणाऱ्या प्री-एक्लॅम्पसियातले सुमारे तीन-चतुर्थांश सापडतात, तेही दहा टक्के खोट्या इशाऱ्यांत. असा धोका निघालेल्या बायकांना रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन ३६ आठवड्यांपर्यंत दिल्यावर हा लवकरचा आजार ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. हा २०१७ सालचा ॲस्प्री अभ्यास. जिथे डॉपलर आणि पीएलजीएफ नाही तिथे निदान तीन प्रश्न तरी विचारा. मागच्या खेपेला बीपी वाढलं होतं का? आधीपासून बीपी, मधुमेह, किडनीचा आजार किंवा ल्युपस आहे का? जुळं आहे का? यातलं एक जरी ‘हो’ आलं तरी बाराव्या आठवड्यानंतर ॲस्पिरिनचा विचार डॉक्टरांनी करायलाच हवा. ॲस्पिरिन प्लेटलेटमधलं थ्रॉम्बॉक्सेन अडवतं, संख्या कमी करत नाही. हे घरच्यांनाही सांगा, नाहीतर ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणून कुणीतरी ती बंद करायला लावतं.

प्रयोगशाळेच्या कामावर आता थोडा जास्त वेळ घेते, कारण निम्मा घोळ तिथे होतो. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं ईडीटीए हे रसायन असतं. त्या ट्यूबमध्ये प्लेटलेट गेली की चपटी राहत नाही, गोल होऊन फुगते. पहिल्या एक-दोन तासांत हा बदल सर्वांत जास्त होतो. म्हणजे वॉर्डातून लगेच आलेल्या नमुन्याचा एमपीव्ही आणि उपकेंद्रावरून चार तासांनी पोचलेल्या नमुन्याचा एमपीव्ही शेजारी ठेवून काही म्हणता येत नाही. दुसऱ्यात आकार वाढलेला दिसेल, तो आजाराने नव्हे, प्रवासाने. नमुना घेतल्याची वेळ ट्यूबवर लिहा आणि शक्यतो दोन तासांच्या आत, दर वेळी साधारण तेवढ्याच अंतराने यंत्रावर लावा. फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीने प्लेटलेट चेततात. आणि वेगवेगळ्या पद्धतींनी मोजणाऱ्या यंत्रांचे एमपीव्ही एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून एका बाईचे नमुने एकाच यंत्रावर जाऊ द्या.

रक्त काढताना सुई शिरेत चाचपडत राहिली, सिरिंज सावकाश भरली, ट्यूब हलवायची राहिली, की बारीक गुठळ्या होतात आणि यंत्र संख्या कमी दाखवतं. ट्यूब खुणेपर्यंत भरा आणि आठ-दहा वेळा अलगद उलटी-सुलटी करा. जोरात हलवू नका. एवढं करूनही आकडा अनपेक्षित कमी आला तर स्लाइड काढल्याशिवाय रिपोर्ट सोडू नका. लीशमन स्टेनने ती रंगवून आधी स्मिअरच्या, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थराच्या, शेपटीच्या टोकाला बघा, प्लेटलेटचे पुंजके तिथेच सापडतात. मग पातळ, एकसारख्या भागात तेलाच्या भिंगाखाली दहा क्षेत्रांतल्या प्लेटलेट मोजा, सरासरी काढा आणि १५ ते २० हजारांनी गुणा. यंत्राच्या आकड्याच्या आसपास आलं तर आकडा खरा. पुंजके दिसले तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये नवा नमुना घ्या, ट्यूब रेघेपर्यंतच भरा आणि येणाऱ्या संख्येला १.१ ने गुणा. काही जणींच्या रक्तात ईडीटीएमुळेच पुंजके होतात. त्यांना आजार नसतो, पण त्या आकड्यावरून त्यांना नको तिथे धावपळ करावी लागते.

याच्या उलट फसगत जास्त वाईट. साधं यंत्र पेशीच्या आकारावरून ती कोण हे ठरवतं. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात तांबड्या पेशी बारीक होतात. एचईएलएलपी ऊर्फ हेल्प या प्री-एक्लॅम्पसियाच्या गंभीर रूपात प्लेटलेट उतरतात, यकृत बिघडतं आणि तांबड्या पेशी फुटून त्यांचे तुकडे होतात. असे बारीक तुकडे यंत्र प्लेटलेट म्हणून मोजतं. म्हणजे खरी संख्या ७० हजार असताना कागदावर एक लाखाच्या वरचा आकडा छापून येऊ शकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस-५) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला होता. शिवाय लोहाच्या कमतरतेत प्लेटलेट मुळातच वाढलेल्या असू शकतात, त्यामुळे उतार झाकला जातो. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, कमी असेल तर प्लेटलेटचा आलेख बघा. उजवीकडचं टोक खाली रेघेवर टेकत नसेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. अशा वेळी पुष्कळ यंत्रं एमपीव्हीच्या जागी नुसत्या रेघा छापतात. ज्या बाईत आकार कळायला हवा तिच्यातच तो मिळत नाही, हे एमपीव्हीवर विसंबणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आता उतार कसा वाचायचा? समजा एका बाईचे आकडे असे आहेत: दहाव्या आठवड्यात २ लाख ६० हजार, चोविसाव्यात २ लाख ४५ हजार, अठ्ठाविसाव्यात २ लाख ५ हजार, बत्तिसाव्यात १ लाख ६० हजार. एकही आकडा लाल अक्षरात येणार नाही, प्रत्येक रिपोर्ट ‘नॉर्मल’. पण बाईने एक लाख प्लेटलेट गमावल्या आहेत, त्यातल्या बहुतेक शेवटच्या आठ आठवड्यांत. याला आवश्यक वस्तू एकच, सुरुवातीचा आकडा. नाव नोंदवताना सीबीसी होतोच, हिमोग्लोबिनसाठी तो पुन्हापुन्हाही होतो. जास्तीचा खर्च काही नाही. माता-बाल संरक्षण कार्डावर हिमोग्लोबिनच्या शेजारी प्लेटलेटचा आकडा हाताने लिहीत चला.

मूळ आकड्याच्या एक-तृतीयांशाहून जास्त उतार दिसला की मी थांबते. ही रेघ कामापुरती आहे, मार्गदर्शिकेतली नाही. त्याच दिवशी बाईला दहा मिनिटं बसवून, पाठीला आधार देऊन, योग्य मापाचा कफ लावून बीपी घ्यायचं. लघवीतलं प्रथिन, यकृतासाठी एसजीओटी, किडनीसाठी क्रिएटिनिन बघायचं. सगळं ठीक निघालं तरी आठवड्याने बोलवायचं. पावसाळ्यात ताप असेल तर डेंग्यू आणि मलेरिया आधी तपासायचा. पहिल्या तिमाहीतच संख्या कमी असेल तर तो बहुधा वेगळा आजार असतो, त्याची वाट वेगळी.

२० आठवड्यांनंतर चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा जास्त बीपी आलं आणि प्लेटलेट एक लाखाच्या खाली असल्या, तर लघवीत प्रथिन नसलं तरी तो प्री-एक्लॅम्पसियाच, आणि तोही गंभीर. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रथिनाची अट सक्तीची ठेवली नाही. तरीही ‘अल्ब्युमिन निल आहे’ म्हणून बाईला घरी पाठवलं जातं. निदान झालं की ब्रिटनच्या नाइस मार्गदर्शिकेनुसार रक्ततपासणी आठवड्यातून दोनदा, तीव्र असेल तर तीनदा. येत्या ४८ तासांत बाईला मोठा धोका आहे का, हे सांगणारं ‘फुल पायर्स’ नावाचं गणित आहे. त्यात सहाच गोष्टी लागतात: गर्भाचे आठवडे, छातीत दुखणं किंवा धाप, ऑक्सिजन, प्लेटलेट, क्रिएटिनिन आणि यकृताचं एन्झाइम. अंदाज बांधण्याच्या कामात प्लेटलेटची खरी जागा मला इथे दिसते.

उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखतंय, उलट्या होताहेत, असं सातव्या-आठव्या महिन्यातली बाई सांगते आणि घरात सगळे म्हणतात, पित्त झालंय. तिला पित्ताची गोळी देण्याआधी बीपी, प्लेटलेट, एसजीओटी आणि एलडीएच (पेशी फुटल्या की वाढणारं एन्झाइम) करा. प्लेटलेट एक लाखाच्या खाली, एसजीओटी ७० च्या वर, एलडीएच ६०० च्या वर, म्हणजे हेल्प. काही जणींत बीपी फारसं वाढलेलं नसतं. तिला तिथे ठेवून घेऊ नका, रक्तपेढी आणि अतिदक्षता असलेल्या ठिकाणी हलवा. हलवण्याआधी झटके टाळणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्यायचाच. पण प्लेटलेट फार कमी असतील तर कुल्ल्यातल्या इंजेक्शनने रक्त साकळतं, अशा वेळी शिरेतून देणं बरं. पाठीतली भूल ७० हजारांच्या वर असताना सहसा देता येते, पण आकडा सहा तासांपूर्वीचा नको, आत्ताचा हवा, कारण इथे संख्या तासागणिक घसरते. संख्या ५० हजारांच्या खाली असेल तर सिझेरियनच्या वेळी बाईला चढवायला प्लेटलेटच्या पिशव्या हाताशी लागतात.

बाळंतपण झालं की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमक्या त्या वेळी प्लेटलेट आणखी खाली जातात. सर्वांत खालचा आकडा बहुधा पहिल्या २४ ते ४८ तासांत येतो. काही जणींना हेल्प बाळंतपणानंतरच होतो. म्हणून दुसऱ्या दिवशीचा चांगला बीपी पाहून सुट्टी देऊ नका. संख्या सलग दोनदा चढलेली दिसली पाहिजे. बहुतेकींची सहाव्या दिवसापर्यंत एक लाखाच्या वर येते. तोवर आली नाही तर आजार दुसराच काही आहे का, हे शोधायला लागा. आणि सुट्टीच्या कार्डावर नुसतं ‘बीपी होतं’ असं लिहू नका. किती आठवड्यांना सुरू झालं, प्लेटलेट कमीत कमी किती झाल्या, आणि ‘पुढच्या खेपेला बाराव्या आठवड्याआधी यावं, ॲस्पिरिन सुरू करायचं आहे’ असं मराठीत, तिला वाचता येईल अशा अक्षरात लिहून द्या.